सहीपुरते पालक

महाविद्यालयाची आणि पालकाची पहिली गाठ पडते ती सहीपुरती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या रॅगिंगविरोधी नियमांनुसार मुलासोबत आई-वडिलांनाही प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. पहिले वर्ष संपताना संस्थाप्रमुखांनी घरी पत्र धाडावे, असेही त्यात आहे. जालना जिल्ह्यातल्या मंठा-घनसावंगीकडच्या किती घरांत ते पोचते, हा प्रश्न बऱ्याच प्राचार्यांना अडचणीचा वाटेल. मग वर्षातून एकदा पालक मेळावा: दीपप्रज्वलन, लांबलेले प्रास्ताविक, चहा आणि ‘नॅक’ मूल्यांकनाच्या फायलीत लावायला फोटो. तोही ऐन सोयाबीनच्या काढणीत ठेवला तर येणार कोण? ऊसतोडीला गेलेली माणसे तर परततात थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी. तरी घराचा धागा तुटत नाही, कारण एसटी आहे. जालन्यात खोली करून राहिलेल्या पोराचा डबा गावाकडून सकाळच्या गाडीने निघतो. झाकणावर नाव कोरलेले, फडक्यात ज्वारीच्या भाकरी, कडेला ठेचा. भाकरी तशीच परत आली की संध्याकाळी आईचा फोन ठरलेला. कॉलेजच्या हजेरीपटाला एवढे कुठले कळायला! त्यातल्या त्यात राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे हिवाळी शिबिर बरे. १९६९मध्ये सुरू झालेल्या या योजनेत कॉलेजच उठून गावात मुक्कामाला जाते, प्राध्यापक ओट्यावर टेकतात, आणि समोर माइक नसल्यामुळे माणसे शिष्यवृत्ती कधी जमा होणार, पोरीला शेवटची बस मिळेल का, असे नेमके विचारतात. पालक मेळावा तिथेच, शेतातली माणसे घरी आल्यावर ठेवला तर मंडपाचा खर्चही वाचेल.