संकटकाळातील अफवा आणि अधिकृत माहिती यांबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका
प्रत माहितीसाठी : मा. पोलीस आयुक्त, बृहन्मुंबई, मा. महाव्यवस्थापक, पश्चिम व मध्य रेल्वे

विषय : गिरगाव, दादर, परळ, लालबाग भागांत अधिकृत माहिती वेळेवर व मराठीत मिळण्याबाबत

२९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा जीव गेला. पावसामुळे लोक जिन्यावर खोळंबले होते आणि गाड्यांतून उतरणाऱ्यांची मागून भर पडतच होती. ‘फूल गिर गया’ असे कुणीतरी ओरडले, ते ‘पूल गिर गया’ असे ऐकले गेले आणि एकच पळापळ झाली, असे बचावलेल्यांपैकी काहींनी सांगितले. रेल्वेच्या चौकशीत भर पाऊस आणि गर्दीवर राहिला. दोष एकट्या अफवेचा नव्हताच. पूल अरुंद असल्याच्या तक्रारी आधीपासून होत्या. पण पूल शाबूत आहे, जागीच थांबा, हे सांगणारा खात्रीचा आवाज अशा वेळी त्याच जागी लागतो. संध्याकाळी निघणाऱ्या पत्रकाचा तिथे काही उपयोग नसतो.

दुसरा प्रकार त्याच दिवशी परळच्या केईएम रुग्णालयात घडला. मृतांच्या कपाळावर क्रमांक घातलेली छायाचित्रे ओळख पटवण्यासाठी लावण्यात आली. गोंधळ टाळून मृतदेह लवकर नातेवाइकांकडे देण्यासाठी तसे केल्याचे स्पष्टीकरण रुग्णालयाने दिले. तोवर ती छायाचित्रे सर्वत्र पोहोचून संताप उसळला होता आणि पुढे एका डॉक्टरला मारहाणही झाली. येथे माहिती खोटी नव्हती. संदर्भाविना, मृतांच्या सन्मानाचा विचार न करता पसरलेले खरे छायाचित्रही तेवढेच नुकसान करते. ‘खोटी बातमी’ या दोन शब्दांत हा सगळा प्रश्न मावत नाही, तो त्यामुळेच.

लालबाग-गिरगावात नाक्यावरच्या काळ्या फळ्यावर खडूने बातमी लिहिण्याची रीत जुनी आहे. फळा कोणत्या मंडळाचा, लिहिणारा कोण, हे गल्लीला ठाऊक असते. चूक झाली तर जाब विचारता येतो आणि ओल्या फडक्याने पुसताही येते. त्याउलट, मोबाइलवर ‘जसे आले तसे पाठवत आहे’ असे लिहून येणाऱ्या संदेशाला ना तारीख असते ना धनी. दादर-परळमधील हिंदमाता परिसरात कमरेएवढे पाणी साचल्याची जुनी चित्रफीत दर पावसाळ्यात ‘आत्ताची’ म्हणून फिरते. दादरचे प्रमोद महाजन उद्यान आणि परळचे सेंट झेवियर्स मैदान यांखाली पाणी साठवण्याच्या टाक्या झाल्या, तरी ती फिरायची थांबलेली नाही. कार्यालयातून निघालेल्याने घरी कसे पोहोचायचे, हे तेवढ्यावर ठरते. अशा निनावी संदेशांचे टोक धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे दिसले. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून १ जुलै २०१८ रोजी तेथे पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले.

यावर सुचणारा पहिला उपाय धाकाचा असतो, आणि त्याचा अनुभव वाईट आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवाजी पार्कवरील बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी मुंबई बंद होती. त्यावर फेसबुकवर प्रश्न विचारणाऱ्या आणि तो मजकूर पसंत करणाऱ्या अशा दोन तरुणींना पालघरमध्ये अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम ६६अ चा तेव्हा आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई पोलिसांच्या मनाई आदेशाने व्हॉट्सॲप गटाच्या ॲडमिनला व्यक्तिशः जबाबदार धरले. सदस्याच्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून कुणी दोषी ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. केंद्राच्या कारभाराविषयी खोटे काय, हे केंद्राच्याच कक्षाने ठरवण्याची तरतूदही मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. सरकारने स्वतःच्याच खटल्यात पंच होऊ नये, हे त्यातून पुरेसे स्पष्ट आहे.

प्रसारमाध्यमांनाही सूट नाही. अभिनेता सुशांतसिंह राजपूत याच्या मृत्यूच्या प्रकरणातील वृत्तांकनावर १८ जानेवारी २०२१ रोजी निकाल देताना याच न्यायालयाने माध्यमांतून चालवल्या जाणाऱ्या खटल्यांबाबत मर्यादा घालून दिल्या. पण पोलीस ठाण्याच्या दारात अधिकृत माहिती मिळाली नाही, तर वार्ताहर ‘सूत्रांकडे’ वळतो. तिथे निम्मा दोष दाराआडच्या मौनाचा असतो.

या परिस्थितीत पुढील मागण्या करण्यात येत आहेत. महापालिकेने कोविडकाळात प्रत्येक विभागात वॉर रूम चालवल्या होत्या. त्याच धर्तीवर डी, एफ दक्षिण, जी उत्तर आणि जी दक्षिण विभाग कार्यालयांत कायमस्वरूपी माहिती कक्ष असावा. पाणी साचणे, पूल वा रस्ता बंद होणे, आग, इमारत कोसळणे अशा प्रसंगी या कक्षाने तारीख, वेळ आणि अधिकाऱ्याचे पदनाम असलेली सूचना आधी मराठीत काढावी. सूचना चुकली तर ती गुपचूप काढून न टाकता दुरुस्ती त्याच जागी दाखवावी. महापालिकेच्या १९१६ या मदत क्रमांकावर फिरत्या संदेशाची खातरजमा करता यावी. मात्र विचारणाऱ्याचे नाव पोलिसांकडे जाऊ नये. रेल्वेने दादर, परळ आणि प्रभादेवी येथील पूल व जिन्यांवर स्वतंत्र ध्वनिक्षेपक बसवून, घोषणेसाठी वरून आदेशाची वाट पाहावी लागणार नाही असे अधिकार स्थानकावरच द्यावेत. पोलिसांनी मोठ्या घटनेनंतर ठरलेल्या वेळी सर्व वार्ताहरांना एकत्र माहिती द्यावी, पीडितांची ओळख व छायाचित्रे बाहेर जाऊ देऊ नयेत, आणि अफवा पसरवण्याविरुद्धचे भारतीय न्याय संहितेचे कलम ३५३ टीका, थट्टा किंवा प्रामाणिक चुकीवर लावू नये. सद्भावनेने केलेल्या विधानाला त्या कलमातच अपवाद आहे.

गणेशोत्सवात लालबाग-परळच्या रस्त्यांवर लोटणारी गर्दी पाहता, स्थानके आणि विभाग कार्यालयांतील व्यवस्था उत्सवापूर्वी सुरू करावी आणि या निवेदनावरील निर्णय कारणांसह लेखी, मराठीत कळवावा, ही विनंती.