शेवटचा अंतरा कुणी कापला?

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत वामनदादा कर्डकांचे गाणे लागते. मुखडा येतो, पोरे उसळतात. मग दणका, पुन्हा मुखडा, पुन्हा दणका. अंतरा येतच नाही.

यावर आम्ही बोललो की लगेच ऐकवले जाते, "तुम्हालाही आता डीजेचा त्रास होतो का?" मुळीच नाही. ज्यांना गणपतीचे दहा दिवस काही ऐकू येत नाही आणि ध्वनिप्रदूषण मात्र नेमके भीमजयंतीला आठवते, त्यांच्या रांगेत आम्ही उभे नाही. जयंती दणक्यातच व्हायला हवी. आमचे भांडण गाण्याच्या मोडतोडीशी आहे.

वामनदादांच्या गाण्यात मुखडा माणसे गोळा करतो, पण मुद्दा मांडला जातो तो अंतऱ्यांत. शेवटच्या अंतऱ्यात बहुतेक वेळा 'वामन' ही नाममुद्रा असते. तो अंतरा कापणे म्हणजे कवीची सही पुसणे. आमच्या वस्तीत एका पोराला विचारले, हे गाणे कुणाचे? त्याने डीजेचे नाव सांगितले. दोष पोराचा नाही. त्याच्या कानावर वामनदादा कधी पडलेच नाहीत.

प्रल्हाद शिंदेंच्या जुन्या कॅसेट आठवा. कॉपीवरून कॉपी केलेल्या, खरखरणाऱ्या. तरी शब्द न् शब्द कळायचा, कारण गळा पुढे आणि ढोलकी मागे असायची. साध्या टेलिफोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जायचा, तरी बोलणे समजायचे. शब्द ओळखू येतात ते व्यंजनांमुळे, आणि त्यांची धार वरच्या पट्ट्यात असते. खालचा बास बेफाम वाढवला की तो वरचे ध्वनी झाकून टाकतो. म्हणजे शब्द आपोआप हरवत नाहीत. मिक्सिंगला बसलेला माणूस ते हरवतो.

दुसऱ्या टोकाला 'दर्जेदार' भीमगीते आहेत. हलगीच्या जागी कीबोर्डवरची व्हायोलिने, आवाजावर एवढा एको की देवळातली आरती वाटावी. विठ्ठल उमपांसारखी शाहिरी फेक तिथे 'रांगडी' ठरते. जलशात एकाने म्हणायचे आणि कोरसने उचलून धरायचे. तो कोरसच गाळला तर उरते एकट्याचे भजन. पहिला प्रकार विचार दाबतो, दुसरा त्याला गुळगुळीत करतो.

"पोरांना हेच आवडते," हा शेवटचा बचाव. पण आवड ऐकून ऐकूनच घडते. आम्हालाही हे गायक आवडले, कारण त्यांचे शब्द आमच्यापर्यंत पोचले.

म्हणून मंडळांना आमचे सांगणे आहे. रीमिक्स खुशाल करा, नाचाही. पण सगळे अंतरे ठेवा, गळा वाद्यांच्या पुढे ठेवा आणि कवीचे नाव जाहीर करा. जुन्या कॅसेट फेकू नका, आहेत तशा डिजिटल करून जपा. या जयंतीला सुपारी देण्याआधी डीजेवाल्याला एकच प्रश्न विचारा: शेवटचा अंतरा आहे ना?

जय भीम!