श्रद्धा कमी पडली?

आजारी माणसाला बघायला येणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं, "श्रद्धा ठेवा, सगळं ठीक होईल." चांगलंच वाक्य आहे. पण सगळं ठीक झालं नाही, की तेच उलटून अंगावर येतं. म्हणजे मग श्रद्धाच कमी पडली असणार!

माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका ख्रिस्ती बाईंच्या घरी हे मी जवळून पाहिलं. यजमानांना कर्करोग. औषधोपचार चालू, प्रार्थनाही चालू. प्रार्थनेला येणारे एक गृहस्थ रोज येशूच्या चमत्कारांचे दाखले द्यायचे. शेवटी यजमान गेले, आणि त्याच आठवड्यात या गृहस्थांनी बाईंना सुनावलं की घरात कोणाचा तरी विश्वास डळमळीत होता. "माझाच असेल हो सर," असं त्या मला म्हणाल्या. मला फार राग आला होता. अजूनही येतो.

मी ख्रिस्ती नाही. पण मराठी बायबल माझ्या कपाटात आहे आणि ते मी वाचलेलं आहे. चमत्कार खरेच घडले का, या वादात मी पडत नाही. (ज्ञानोबांच्या रेड्यावरून वर्गात मुलं अशीच भांडायची. तिथे अपमान कोणाचा चालला होता, हे कोणी विचारत नसे.) मला विचारायचंय ते एवढंच, की या कथांमध्ये चमत्कार हा श्रद्धेचा मोबदला म्हणून मिळतो का?

योहानाच्या शुभवर्तमानात यरुशलेममधल्या बेथेस्दा तळ्याची गोष्ट आहे. तळ्याकाठी आंधळे, लंगडे, लुळे असे कितीतरी जण पडलेले. त्यात एकजण ३८ वर्षं आजारी. येशू त्या एकालाच उठवतो. का, ते कथा सांगत नाही. आणि गंमत म्हणजे आपल्याला कोणी बरं केलं हेसुद्धा त्या माणसाला ठाऊक नसतं! जिथे नाव माहीत नाही, तिथे विश्वासाची परीक्षा कसली घ्यायची? बाकीचे तिथेच राहिले, पण त्यांना कोणी बोल लावलेला नाही. माझं मन तर नेहमी त्या बाकीच्यांपाशीच घुटमळतं.

आता कोणी म्हणेल, सर, सोयीचं तेवढं सांगताय. बारा वर्षं रक्तस्राव होणाऱ्या बाईला येशूनं म्हटलंच ना, की तुझ्या विश्वासानं तू बरी झालीस? म्हटलं, कबूल. पण ती बाई कोण? वैद्यांपायी सगळा पैसा गमावलेली, समाजानं अशुद्ध ठरवलेली, गर्दीत मागून येऊन चोरून वस्त्राला हात लावणारी. ती बरी झाल्यावर चारचौघांत तिची मान वर व्हावी म्हणून ते शब्द आहेत. न बरं झालेल्या कोणाला "तुझा विश्वास थोडा पडला" असं येशूनं ऐकवल्याचं मला चारही शुभवर्तमानांत सापडलं नाही. मत्तयामध्ये अल्पविश्वासाबद्दल बोलणी बसतात खरी, पण कोणाला? आजारी मुलाला बरं करता न आलेल्या शिष्यांना! म्हणजे कान उपटले ते प्रार्थना करणाऱ्यांचे, रोग्याचे नव्हेत. नासरेथ गावात अविश्वासामुळे फारसं काही घडलं नाही, असं मार्क लिहितो. पण तो अविश्वास गावानं दाखवलेल्या तुच्छतेचा होता, आणि तिथेही थोडे रोगी बरे झालेच.

आणि पौलाचं काय करायचं? शरीरातला काटा निघावा म्हणून त्यानं तीनदा विनवणी केली. काटा काही निघाला नाही, हे त्यानं स्वतःच करिंथकरांना पत्रात लिहून ठेवलंय.

चमत्कारांची सर्वांत कडक तपासणी कुठे होते म्हणाल, तर फ्रान्समधल्या लूर्द गावी. १८५८ साली बर्नाडेट सुबिरू या चौदा वर्षांच्या गरीब मुलीला तिथल्या गुहेत मरियेचं दर्शन झालं, अशी कॅथलिकांची श्रद्धा. तिथल्या झऱ्याचं पाणी घ्यायला दरवर्षी लाखो लोक जातात. १८८३ पासून तिथे डॉक्टरांचं कार्यालय आहे. बरं झाल्याचा दावा आला की कोणत्याही धर्माच्या किंवा धर्म न मानणाऱ्या डॉक्टरलाही तो तपासता येतो. रोग गंभीर होता का, औषधानं बरा झाला नाही ना, पुन्हा उलटला नाही ना, असं सगळं वर्षानुवर्षं पाहतात. हजारो दावे नोंदले गेले, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये जाहीर झालेला चमत्कार होता फक्त ७२ वा. बहुतेक सगळे जसे गेले तसेच परत आले, आणि त्यांतले कितीतरी पुन्हा जातात. खुर्चीवरचे, स्ट्रेचरवरचे रोगी तिथे मिरवणुकीत सगळ्यांत पुढे असतात. धडधाकट माणसं मागून ढकलत चालतात. घरी ज्याला कोपऱ्यातल्या खाटेवर ठेवलेलं असतं, तो तिथे मानाचा. हे काही त्या ७२ मध्ये मोजलं जात नाही.

खुद्द बर्नाडेटचं काय झालं? लहानपणापासूनचा दमा तिला छळतच राहिला. १८६६ मध्ये ती लूर्द सोडून नेव्हेर इथल्या मठात गेली, आजारी जोगिणींची शुश्रूषा केली, पुढे क्षयानं स्वतःच अंथरुणाला खिळली आणि १६ एप्रिल १८७९ ला, पस्तिसाव्या वर्षी वारली. झरा तिनंच दाखवलेला! १९३३ साली चर्चनं तिला संत म्हणून घोषित केलं. तिची श्रद्धा कमी पडली असं म्हणणारा मला तरी अजून कोणी भेटलेला नाही.