गोदूताईंसाठी आलेली माणसं

बोईसर स्टेशनपासून नवापूर नाक्याकडे जाताना सध्या वाढदिवसांचे फ्लेक्सच फ्लेक्स. वर ‘जनतेच्या गळ्यातील ताईत’, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्टएवढे चेहरे. एका फ्लेक्सची दोरी केळीवाल्या मावशींच्या छत्रीच्या दांड्याला बांधलेली. वारा आला की छत्री ओढली जायची, आणि मावशी एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने केळी मोजायच्या. संताप आला. एखाद्या माणसावर लोकांचा जीव असणं ही केवढी मोठी गोष्ट, आणि ती आपण फुटाच्या भावाने छापून घेतो!

म्हणून आज गोदूताईंविषयी. गोदावरी परुळेकर पुण्याच्या, वकिलाच्या घरातल्या, स्वतः कायदा शिकलेल्या. १९४५ साली त्या वारली आदिवासींच्या पाड्यांवर आल्या, त्यांच्या झोपड्यांत राहिल्या. २३ मेला झरीला परिषद झाली आणि वेठबिगार नाकारायचा ठराव झाला. लग्नासाठी कर्ज काढून जोडप्याने सावकाराकडे जन्मभर राबायचं, ती लग्नगड्याची पद्धत मोडायला तिथून सुरुवात झाली.

पाच महिनेही झाले नव्हते. ऑक्टोबरात जमीनदारांच्या माणसांनी अफवा उठवली की तलवाड्याला गोदूताईंची सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे. त्या तिथे नव्हत्याच. पण पाड्यापाड्यांतून हजारो माणसं काठ्या, कोयते घेऊन रानवाटांनी निघाली. १० ऑक्टोबरला पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण गेले, त्यांत जेठ्या गांगड. तरीही माणसं चळवळीच्या लाल बावट्याभोवतून हलली नाहीत.

मला राहून राहून वाटतं, हे कळलं तेव्हा त्या बाईंचं काय झालं असेल? बाहेरून आलेल्या माणसाने वारल्यांना तोवर लुबाडलंच होतं. सावकार असो, जंगलाचा ठेकेदार असो. वारल्यांनी ह्या शहरी बाईवर विश्वास ठेवायचं काहीच कारण नव्हतं. आणि केलेल्या कामाचा मोबदला म्हणून असा जीव लावला जात नाही; जन्मभर लोकांसाठी खपलेल्या कितीतरी माणसांसाठी कुणी उंबराही ओलांडत नाही. इथे मात्र, कालपर्यंत मालकासमोर मान वर न करणारी माणसं बंदुकीसमोर उभी राहिली.

गोदूताईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहिलं, १९७२ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण त्या दिवशी तलवाड्याला उभ्या असलेल्यांनी काय पाहिलं, ते त्यांच्या घरांतच राहिलंय. तलासरी, विक्रमगड, डहाणूकडच्या वाचकांनो, घरात कुणी तलवाड्याची गोष्ट सांगत असेल तर ती लिहून घ्या. ह्या सदरात मी ती आनंदाने छापेन.