आपली सही, आपलाच निवाडा?



परवा मधल्या सुट्टीत आमच्या शाळेच्या मैदानावर जोराचे भांडण जुंपले. फलंदाज धावबाद झाला होता, पण अंपायर होता त्याचाच भाऊ! तो म्हणाला, "नॉट आऊट!" झालं, सगळी पोट्टी माझ्याकडे. "बाई, भाऊच अंपायर असन तं न्याय कसा भेटन?"

प्रश्न बिनतोड होता. म्हणून त्यांना जी गोष्ट सांगितली, तीच आज तुम्हांला सांगते.

न्यायाधीश म्हटले की आपल्याला पेशवाईतले रामशास्त्री प्रभुणे आठवतात. पण आपल्या नागपुरातही एक मोठे न्यायाधीश घडले, हे ठाऊक आहे का? त्यांचे नाव मोहम्मद हिदायतुल्ला. जन्म १९०५ साली लखनौला, शाळा रायपूरला आणि कॉलेज आपले मॉरिस कॉलेज! पुढे केंब्रिजला शिकून, बॅरिस्टर होऊन त्यांनी १९३० साली नागपुरात वकिली सुरू केली. सिव्हिल लाइन्समधली हायकोर्टाची घुमटाची इमारत पाहिली आहे ना? त्या हायकोर्टाचे ते १९४६ साली न्यायाधीश आणि १९५४ साली मुख्य न्यायाधीश झाले. १९६८ साली तर ते भारताचे सरन्यायाधीश झाले.

मग आले १९६९ साल. मे महिन्यात राष्ट्रपती झाकिर हुसेन वारले. उपराष्ट्रपती गिरी त्यांचे काम पाहू लागले, पण राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्यासाठी जुलैत त्यांनीही राजीनामा दिला. आता काय? अशा वेळी सरन्यायाधीशांनी राष्ट्रपतींचे काम पाहावे, असा कायदा संसदेने नुकताच केला होता. म्हणून २० जुलै ते २४ ऑगस्ट हिदायतुल्ला देशाचे हंगामी राष्ट्रपती होते.

त्याच दिवसांत चौदा मोठ्या बँका सरकारच्या ताब्यात घेण्याचा कायदा संसदेत मंजूर झाला. राष्ट्रपती म्हणून त्यावर सही केली हिदायतुल्लांनी. पुढे ते पुन्हा कोर्टात आले, आणि त्याच कायद्याविरुद्धचा खटला सुप्रीम कोर्टात उभा राहिला!

सरन्यायाधीश तेच. पण ज्या कायद्यावर आपली सही, त्याचा निवाडा आपणच कसा करायचा? त्या खटल्यासाठी अकरा न्यायाधीश बसले, हिदायतुल्ला त्यांत नव्हते. १९७० च्या फेब्रुवारीत निकाल लागला आणि तो कायदा रद्द ठरला. मग सरकारने दुरुस्त करून नवा कायदा आणला.

पुढे १९७९ ते १९८४ हिदायतुल्ला उपराष्ट्रपती होते. १९९२ साली ते वारले.

मुलांनो, खुर्चीवर बसणे मानाचे खरेच. पण कधी कधी त्या खुर्चीवरून उठण्यातच तिचा मान असतो.

तुमच्यापैकी कुणी वर्गाचा मॉनिटर असेल. बाई बाहेर गेल्या, दंगा झाला, आणि दंगा करणारा तुमचाच जिवलग दोस्त निघाला, तर फळ्यावर नावे लिहायचा खडू कुणाच्या हाती द्याल? घरी आईबाबांनाही विचारा बरं!

तुमच्या बाई