परदेशचा गल्ला आणि घरचे भूत

एखाद्या ग्रंथाची थोरवी त्याच्या किती प्रती समुद्रापार गेल्या यावरून ठरवावी, असे कोणी म्हटले तर आपण त्यास हसू. परंतु हाच न्याय चित्रपटास, आणि त्यातही भयपटाच्या नव्या आवृत्तीस, लावला म्हणजे भलेभले रसिक माना डोलवितात. परदेशात एवढा गल्ला जमला, त्या अर्थी भीतीला देशाची सीमा नसते. आणि जी आवृत्ती अधिक देशांत चालली ती मुळाहून सरस असलीच पाहिजे, हे विधान इतक्या निःशंकपणे केले जाऊ लागले आहे की, त्याला पुरावा मागणारा मनुष्यच अरसिक ठरावा. तो अरसिकपणा आम्ही येथे पत्करीत आहोत.

प्रथम आकडे पाहू. हिदेओ नाकाता यांचा ‘रिंगू’ हा चित्रपट १९९८ साली जपानात आला. त्याचा आधार कोजी सुझुकी यांची १९९१ सालची कादंबरी. २००२ साली ड्रीमवर्क्स या अमेरिकन कंपनीने गोर व्हर्बिन्स्की यांच्याकडून त्याची इंग्रजी आवृत्ती ‘द रिंग’ करविली. सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभर सुमारे २४ कोटी ९० लाख डॉलर मिळविले. त्यांपैकी जवळजवळ १२ कोटी अमेरिका व कॅनडा यांच्या बाहेरचे. पुढे २००४ साली ताकाशी शिमिझू यांनी आपल्याच ‘जू-ऑन’ची ‘द ग्रज’ ही इंग्रजी आवृत्ती टोकियोतच चित्रित केली. तीस सुमारे १ कोटी डॉलर लागले, आणि जगभरातून १८ कोटी ७० लाख परत आले. बाहेरचा वाटा ७ कोटी ७० लाखांच्या आसपास. आकडे मोठे आहेत, हे कोण नाकारील? आमचा वाद आकड्यांशी नाही. आकड्यांच्या तोंडी जे शब्द घातले जातात, त्यांच्याशी आहे.

यांतील ‘परदेश’ हा शब्दच पाहा. परदेश कोणाचा? जमाखर्चाची वही लॉस एंजेलिसला लिहिली जाते, म्हणून जपान हा परदेश! विहिरीतून वर येणारी केस मोकळे सोडलेली सादाको ही कोणत्या कुळातली? ताटे मोजीत विहिरीत रडणाऱ्या ओकिकूच्या, आणि १८२५ साली काबुकीच्या रंगभूमीवर अवतरलेल्या, नवऱ्याने घात केलेल्या ओइवाच्या कुळातली. त्या कुळाच्या गावी ‘द रिंग’ची तिकिटे खपली, तर तो पैसा ‘परदेशची प्राप्ती’ या सदरात पडतो. मुलगी माहेरी आली ती पाहुणी म्हणून, आणि आहेर गेला तो सासरच्या वहीत! उलट मूळ ‘रिंगू’ अमेरिकेत घरोघर पाहावयास मिळाला तो २००३ साली, म्हणजे नव्या आवृत्तीने बाजार काबीज केल्यावर, चकतीच्या रूपाने आणि तोही ड्रीमवर्क्सच्याच शिक्क्याने. ज्या शर्यतीत एका घोड्याच्या मालकाकडेच दुसऱ्याच्या तबेल्याची किल्ली असते, तिच्या निकालावरून घोड्यांची जात कशी ठरवावयाची?

यावर प्रतिपक्षाचे एक उत्तर आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ते म्हणतील, ‘ब्राझीलचा किंवा स्पेनचा प्रेक्षक काही कोणाच्या धाकाने तिकीट काढीत नाही. तो भ्याला, म्हणून त्याने पैसे दिले. याहून प्रामाणिक परीक्षक कोठला?’ परंतु या युक्तिवादात काळाचा क्रम उलटा झालेला आहे. तिकीट आधी काढावे लागते, भीती मागाहून वाटते. पहिल्या आठवड्याचा गल्ला जाहिरातीने जागविलेल्या अपेक्षेचा असतो. प्रत्यक्ष अनुभवाची साक्ष पुढच्या आठवड्यांत मिळते. ‘द रिंग’ने अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत सुमारे दीड कोटी डॉलर मिळविले, दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस त्याहून अधिक, आणि शेवटी पहिल्या तीन दिवसांच्या आठपटीहून जास्त. पाहून आलेल्याने दुसऱ्यास पाठविल्याचा हा पुरावा होय. ‘द ग्रज’ची सुरुवात मात्र ३ कोटी ९१ लाखांची, आणि तेथील अखेरची बेरीज ११ कोटींची, म्हणजे तिपटीहूनही कमी. दोन चित्रपटांतील हा भेद खरोखर बोलका आहे. पण जगभरच्या एका ठोक आकड्यात तो पार बुडून जातो.

बाहेरच्या गल्ल्याला कसोटी मानल्याने काय अनर्थ ओढवतो, हे तर २०२० साली स्पष्टच झाले. त्या वर्षी ‘द ग्रज’ पुन्हा एकदा नव्याने काढण्यात आला. चित्रगृहातून बाहेर पडणाऱ्या अमेरिकन प्रेक्षकांची मते घेणाऱ्या सिनेमास्कोर या संस्थेच्या पाहणीत त्यास ‘एफ’, म्हणजे साफ नापासाची, श्रेणी मिळाली. ती फार थोड्या चित्रपटांच्या वाट्याला आलेली आहे. तरी त्याने सुमारे ४ कोटी ९५ लाख डॉलर मिळविले, आणि त्यांतले २ कोटी ८० लाखांहून अधिक बाहेरचे होते! बाहेरचा वाटा ‘द रिंग’चा शेकडा ४८, २००४ च्या ‘द ग्रज’चा ४१, आणि या नापास चित्रपटाचा ५७. परदेशी लोकप्रियतेचे हेच गमक धरावयाचे, तर तिघांत सर्वांत विश्वव्यापी कलाकृती ही ठरते. रक्कम लहान आहे हे खरे. पण मग वाट्याचे माप सोडून रकमेचे घ्यावे लागेल, आणि रक्कम तर खर्च, जाहिरात व पडद्यांची संख्या यांच्यावर हेलकावे खाते. स्वीडिश चित्रपटावरून केलेला ‘लेट मी इन’ (२०१०) टीकाकारांनी वाखाणला. २ कोटी डॉलर खर्चून त्याचा जगभरचा गल्ला अडीच कोटींपर्यंतही गेला नाही. तेवढ्याने तो भिकार ठरला काय?

आता मूळ सिद्धांताकडे वळू. भीतीला सीमा नसते, हे अर्धसत्य आहे. भय हा स्थायीभाव मनुष्यमात्राचा, हे आमच्या साहित्यशास्त्रानेच सांगितले. पण स्थायीभाव जागा होतो तो विभावांनी, आणि विभाव मातीतून येतात. अंधारात कोणी खांद्यावर हात ठेवला की, टोकियोचा मनुष्य दचकतो आणि पुण्याचाही दचकतो. परंतु दचकणे म्हणजे भय नव्हे. मुंजा पिंपळावर का राहतो, बाळंतपणात मेलेल्या बाईची अलवंतीण का होते, याचे उत्तर त्या समाजाने कोणावर अन्याय केला यात असते. ‘रिंगू’मध्ये सादाकोची आई पत्रकारांच्या भरसभेत लबाड म्हणून अपमानित होते, आणि मुलीच्या सूडाचे बीज तेथे पडते. अमेरिकन आवृत्तीत ती सभा गेली. घोड्यांचा तबेला आणि दत्तक आईबाप आले. व्हर्बिन्स्की यांचे कसब आम्ही नाकारीत नाही. पण त्यांनी भुताबरोबर त्याची फिर्यादही बदलली. हा बदल सुधारणा की हानी, याचा विचार करणे हे परीक्षकाचे काम. ते गल्ल्याच्या पेटीकडे सोपविणे म्हणजे राजीनामा देणे होय.

हा प्रश्न परक्यांचा नाही. २०१७ सालचा ‘लपाछपी’ हा मराठी भयपट घ्या. त्यातला उसाचा फड आणि गर्भातच मारल्या जाणाऱ्या मुलींची फिर्याद यांचे भय महाराष्ट्राला कोणी समजावून सांगावे लागत नाही. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ साली येथेच करावा लागला होता. त्याच दिग्दर्शकाने, विशाल फुरिया यांनी, त्याची हिंदी आवृत्ती ‘छोरी’ २०२१ साली केली. ती थेट ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओवर आली. तिला तिकीटबारीच नव्हती. आता गल्ल्याचे उपासक या दोहोंची तुलना कशाने करणार? पेटी रिकामी दिसताच त्यांचे टीकाशास्त्रही रिकामे होते, यावरून ते किती उसने होते हे कळून येते.

आम्हांस खरी चिंता आहे ती लेखकाची. आपले भूत बाहेर चालेल काय, असा प्रश्न त्याने पहिली ओळ लिहिण्यापूर्वीच स्वतःस विचारावयास आरंभ केला, तर तो पिंपळ तोडील, फड कापील, आणि कोणत्याही देशात न जन्मलेले, कोणाविरुद्धही फिर्याद नसलेले एक बुजगावणे उभे करील. ते दचकवील, घाबरविणार नाही. व्यापाऱ्याने गल्ला मोजावा, तो त्याचा धर्मच आहे. परंतु साहित्याच्या व कलेच्या परीक्षकाने मेलेल्या बाईची फिर्याद ऐकून घ्यावयाची असते. ती किती डॉलरांना विकली गेली, हे नव्हे.