आधी खिडकी उघडा

सातारा-सांगलीतल्या दवाखान्यांच्या व्यवस्थापकांना,


मिरजेला आम्ही सातारकर दुखणी घेऊन येतो. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली इथं इस्पितळ सुरू केलं, त्यानंतर रुळलेली ही वाट. मध्यंतरी दमा असलेल्या आईला घेऊन असाच एका दवाखान्यात आलो होतो. बाहेर बसायच्या खोलीत एसी चालू, खिडक्या बंद आणि सॉकेटात खोचलेली सुगंधी डबी. पाच मिनिटांत आईची छाती घरघरायला लागली. आमचा नंबर अकरावा. तोवर जिन्यात उभे राहिलो.

काउंटरवरच्या ताईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "कुठं काय? मला तर वासच येत नाही." खरंच येत नसणार. नाक थोड्या वेळात सरावतं. मग तिथंच बसणारा माणूस डबीचं बटण वाढवत राहतो आणि नवा आलेला गुदमरतो.

डबीतली वात तेल वर ओढते, तापलेला भाग त्याची वाफ करतो. एवढंच. खोलीतली घाण त्याने तसूभरही हलत नाही. उलट लिंबा-संत्र्याच्या वासातलं लिमोनीन हवेतल्या ओझोनशी भिडलं की फॉर्मल्डिहाइड तयार होतं. (मुतारीतल्या डांबरगोळ्यांतलं नॅफ्थलीन तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने संशयितांच्या यादीत घातलं आहे.)

सांगलीकरांना हे मी काय सांगावं? हरिपूरला हळद साठवायचं जमिनीतलं पेव उघडलं की कोणी लगेच आत उतरत नसे. कोंडलेली हवा आधी जाऊ देत. अत्तराचा फाया टाकून कोणी पेवात उतरल्याचं ऐकलंय? आणि २०१९च्या महापुरानंतर भिंतींचा कुबट वासच सांगत होता, ओल अजून मुरलेली आहे म्हणून. तो झाकून कोणाचं भलं झालं असतं?

तेव्हा बाहेरच्या खोलीतली डबी काढा, खिडकी उघडा, एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा. संडासातून वास येत असेल तर मोरीची जाळी उचलून बघा. खालच्या ट्रॅपमधलं पाणी आटलं की गटाराचा वास वर चढतो. तांब्याभर पाणी ओतलं की बसतो. त्याला रिफिल लागत नाही.

आईची पुढची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. तिला आत बसवायचं की जिन्यातच उभं करायचं, तेवढं कळवा.

आपला,
एक सातारकर